दुसऱ्या घराण्याचा आकार

नूमो ओबोदाईंना आम्ही चुकीच्या पेटीत पुरलं. तेशीतल्या निम्म्या लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, उरलेल्यांनी ऐकलं. पण ती चूक कशी झाली आणि ती टाळायला किती थोडं पुरलं असतं, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्यांच्यात पहिला मी, कारण चूक माझी होती.

मी लारिया. अक्राच्या पूर्वेला समुद्राकाठी आमचं तेशी आणि तेशीच्या हमरस्त्यावर आमचा कारखाना. आम्ही शवपेट्या करतो. कोळी गेला तर मासा, कांदे विकणारी गेली तर कांदा, ड्रायव्हर गेला तर त्याची लॉरी, नंबरप्लेटसकट. माणूस ज्यावर जगला त्यातच झोपून पलीकडे जातो, म्हणजे तिथल्यांना 'तू कोण' असं विचारावं लागत नाही. साधं चौकोनी खोकं आमच्याकडे कोणी मागत नाही. ज्याला कोणी नाही किंवा ज्याच्या घरच्यांना घाई आहे, त्याच्यासाठी ते दुकानात तयार मिळतं.

नूमो म्हणजे आमच्या बोलीत म्हातारबा. ओबोदाई माझे उस्ताद. बावीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, त्यातली पहिली दोन नुसता पॉलिश पेपर घासण्यात.

त्यांच्या कारखान्यात कागद हा प्रकारच नव्हता. गिऱ्हाईक बोलायला लागलं की नूमो तोंडातली चपटी लाल पेन्सिल चावत ऐकत राहायचे आणि मग थेट फळीवर रेघ मारायचे. रंधा फिरला की रेघ गेली. शनिवारी अंत्ययात्रा निघाली की पेटी मातीत गेली. आमच्या कामाचा पुरावा असा काही मागे उरतच नसे आणि त्याचं कोणाला काही वाटतही नसे. पलीकडच्या कारखान्याने आमच्यासारखा मासा केला, तर नूमो भांडायला जायचे नाहीत. जायचे आणि शेपटी कुठे चुकली ते दाखवून यायचे.

"नूमो, तो आपली चोरी करतोय हो," मी एकदा चिडून म्हणालो.

"मासा काय तुझ्या बापाने केला होता?" ते म्हणाले. "आणि चोरतोय तर नीट तरी चोरू दे. आत झोपणारा आपल्याच गावचा आहे ना?"

एका बाबतीत मात्र त्यांचा हट्ट कोणी मोडू शकत नसे. काही आकार घराण्यांचे असतात. खेकडा एका घराण्याचा, हत्ती दुसऱ्याचा, सिंह राजघराण्याचा. ते इतरांनी घ्यायचे नाहीत. एका सिमेंटच्या व्यापाऱ्याची मुलं बापासाठी सिंह मागायला आली होती, खिसे फुगवून. नूमोंनी त्यांना बसायला स्टूलसुद्धा दिलं नाही. परक्याचा आकार घेतला तर गावचे वडीलधारे मेंढ्या आणि दारूच्या बाटल्या दंड लावतात, पण तो भाग सोपा. अवघड असतं ते मेलेल्याला. परक्या आकारात गेलेल्याला आपले पूर्वज ओळखत नाहीत आणि परके आत घेत नाहीत. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मी ते मानतो, आजही मानतो.

नूमोंनी जन्मात एकच पेटी कागदावर काढली, ती स्वतःची. गुडघ्यांनी दगा दिला त्या वर्षी त्यांनी चर्चच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि दुपारभर त्यावर वाकून बसले.

"आज कागद कसा काय?" मी विचारलं.

"बाकीच्यांच्या वेळी मी उभा असतो. माझ्या वेळी आडवा असणार. मग तुझ्यावर ओरडायचं कोणी?"

कागदावर त्यांची पेन्सिल होती. वापरून वापरून आखूड झालेली, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला चावलेली. दातांच्या खुणा मोजून काढल्या होत्या. त्यांचा पुढचा एक दात पडला होता, तिथे जागा मोकळी सोडली होती. बाजूला मापं, लाल रंग कुठला, झाकण कुठून उघडायचं, सगळं लिहिलेलं. शेवटी एक सूचना: पेन्सिल चपटीच करणे, गोल केल्यास खांदेकरी घरंगळवतील, ते प्यायलेले असतात.

"समजलं?" त्यांनी विचारलं.

"समजलं की. पेन्सिल."

"पेन्सिल नव्हे रे गाढवा. माझी पेन्सिल."

तो कागद हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला गेला. झाकण उघडलं की रोज दिसायचा, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीचं होतं तेच माझ्या मनात त्याचं झालं.

मग करोनानंतरचं ते वर्ष आलं. अक्रातली शिकलेली मुलं फोनवर चित्रं विकायला लागली होती. एनएफटी, एनएफटी, जो तो तेच. मला समजलं ते इतकं: चित्र फोनवरच राहतं, ते कोणीही पाहू शकतो, पण त्याला एक न पुसणारी खूण जोडतात आणि ती खूण एकाच माणसाच्या नावावर असते. त्या खुणेसाठी लोक वेड्यासारखे पैसे देत होते. मला वाटलं, आपल्याकडेही एक चित्र आहे की.

नूमो दवाखान्यात गेले होते त्या दिवशी मी झाकण उघडून फोटो काढला. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होतो. फोनवरच्या फॉर्मवर 'कलाकार' असा रकाना होता. तिथे मी माझं नाव लिहिलं, कारण नूमोंना ईमेल नव्हता. हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं होतं. खाली एक चौकोन होता: सर्व हक्क खरेदीदाराला द्यायचे का? बरोबरची खूण केली की किंमत चढते, असं त्या मुलांनी सांगितलं होतं. मी खूण केली. कसले हक्क? आमच्याकडे मासा सगळ्यांचा, कांदा सगळ्यांचा. देऊन देऊन काय देणार, अशा थाटात मी ते बटण दाबलं.

कॅनडातल्या एका गोऱ्याने ते घेतलं. त्या पैशांत कारखान्याला विजेची करवत आली.

नूमोंना मी नंतर सांगितलं. ते रागावले नाहीत, हे मला अजून टोचतं. फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी आपलंच चित्र पाहिलं.

"माझी पेन्सिल विकत घेतली? त्या माणसाने?"

"हो ना, नूमो. आवडली त्याला."

"सुतार आहे?"

"नाही, कॉम्प्युटरवाला आहे."

"मग मेल्यावर तो पेन्सिलीत कशाला जाईल?"

"जाणार नाही हो. ती फोनमध्येच राहणार. कायमची."

"म्हणजे कोणी झोपायचं नाही तिच्यात?" त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "बिचारी," म्हणाले आणि मला परत कामाला लावलं.

काही महिन्यांनी त्यांच्या मनात आलं की लाल रंग एकदा लावून बघावा. मी पेन्सिलीचा हातभर लांबीचा नमुना केला. सुरेख झाला होता. मी हौसेने त्याचा फोटो फेसबुकवर टाकला. आठवड्याच्या आत फोनवर इंग्रजीत पत्र आलं. वर शिक्का, खाली लांबलचक नंबर. या आकृतीचे सर्व हक्क आमच्या ग्राहकाकडे आहेत. कोणत्याही रूपात, कोणत्याही मापात, कोणत्याही वस्तूवर ती पुन्हा केल्यास पुढील कारवाईला आपण जबाबदार राहाल.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. 'कोणत्याही मापात' या शब्दांपाशी चारही वेळा अडलो. फोटो काढून टाकला. नमुना चुलीत घातला आणि नूमोंना सांगितलं की रंग फुगला, पुन्हा करू.

"उन्हात ठेवला असशील," ते म्हणाले.

"चुकलंच," मी म्हणालो.

पुन्हा केला नाही. जानेवारीत वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला, नूमोंना खोकला लागला आणि एका सकाळी खुर्चीतच ते गेले. समोर मक्याच्या केंकीचा अर्धा गोळा तसाच राहिला होता.

आमच्याकडे माणूस गेला की घाई नसते. तो इस्पितळाच्या थंड खोलीत थांबतो, महिना, दोन महिने, आणि घरचे त्याच्या निरोपाची तयारी करतात. आठव्या दिवशी घराण्याची बैठक बसली. घराण्याचे प्रमुख नी आशिते ('नी' हे आमच्यात मानाने लावतात) मधोमध, बाजूला वडीलधारे, आणि नूमोंची एकुलती एक मुलगी आफोली. आफोली बाजारात केंकी विकते. तिच्या हातचं मी बावीस वर्षं खाल्लं, आणि माझं लग्न मोडलं तेव्हा सगळ्यांत जास्त मला तिनेच झापलं होतं.

"लारिया, पेन्सिलीला किती दिवस लागतील?" नी आशितेंनी विचारलं.

तिथे मला खोटं बोलता आलं असतं. गुपचूप पेन्सिल करून दिली असती तर कॅनडात कोणाला कळणार होतं? पण समोर वडीलधारे होते, मद्याचं तर्पण झालं होतं, पूर्वजांना नावं घेऊन बोलावलं होतं. अशा जागी माझ्याच्याने लपवणं झालं नाही. मी सगळं सांगितलं आणि फोनवरचं पत्र आमच्या बोलीत वाचून दाखवलं.

मग नी आशितेंनी विचारलं, "म्हणजे तो आकार आता दुसऱ्या घराचा झाला?"

"हो."

"कोणी दिला?"

"मी."

"तुझा होता, द्यायला?"

मी मान खाली घातली. ते मला रागवताहेत असं मला वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं. ते खरोखरचं विचारत होते आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं, हे त्या खोलीत कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"दिला तो गेला," एक काका म्हणाले. "उद्या ओबोदाई दारात उभा राहील आणि त्या गोऱ्याचे पूर्वज विचारतील, आमचं घेऊन कुठे चाललास? काय सांगेल तो? त्याला तर त्यांची भाषाही येत नाही."

याच्यावर एखादा हसेलही, पण तिथे कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. सिंह मागायला आलेली ती मुलं मला आठवत होती.

आफोली एकदम पुढे सरकली. "त्या माणसाला विचार ना लारिया. एक ओळ लिही. बाबा गेलेत, त्यांना त्यांचीच पेन्सिल हवी आहे. एवढंच लिही."

"असली माणसं उत्तर देत नसतात, आफोली. उलट सावध होतात. उद्या कारखान्याला कुलूप लावतील."

"लिहून तर बघ."

"मला माहीत आहे त्यांची जात," मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं. मला त्या पत्राची भीती वाटत होती, माझ्या मोडक्या इंग्रजीची लाज वाटत होती, आणि 'कलाकार' म्हणून मी माझं नाव लिहिलंय हे कुठेतरी उघडं पडेल, याची त्याहून जास्त.

पेन्सिल नाही तर रंधा करू, हातोडी करू, मी सुचवलं. आफोली म्हणाली, बाबांनी मागितलं ते द्यायचं नसेल तर तुमच्या मनचं दुसरं काही देऊ नका. नी आशितेंनी मान डोलावली.

दुकानातून चौकोनी पेटी आणली. तपकिरी, चकचकीत, पितळी दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या मुठी लावलेली. मी ती शनिवारी पाहिली तेव्हा तिचे सांधे खिळ्यांनी मारलेले दिसले, खाचा करून बसवलेले नव्हते. ज्याने आयुष्यभर खिळ्याला 'आळशाची युक्ती' म्हटलं, त्याला आम्ही सोळा खिळ्यांच्या पेटीत घातलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. काय आकार असेल, यावर आठवडाभर पैजा लागल्या होत्या. पेटी बाहेर आली आणि गर्दीतला आवाज हळूहळू बसत गेला. मासे विकणारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, ओबोदाईंना कोणीच नव्हतं का?" मी तिच्यापासून दोन हातांवर होतो.

त्यानंतर माझं डोकंच फिरलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून मी लिहून घ्यायला लागलो: मागितलेला आकार कोणाच्याही मालकीचा नाही. कोंबडीसाठी लिहून घेतलं. बिअरच्या बाटलीसाठी लिहून घेतलं. लोक हसायचे आणि पलीकडच्या कारखान्यात जायचे.

दीड वर्षाने एक वकीलबाई आल्या, नाव आमेर्ले. आई शिवणकाम करायची, तिच्यासाठी शिवणयंत्र हवं होतं. मी कागद पुढे केला.

"हे काय?" त्यांनी चष्मा लावला. "शिवणयंत्राचा आकार कोणाचा नाही असं मी लिहून देऊ? दादा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकलो ठेच लागून."

"सांगा तरी."

मी सांगितलं. त्यांनी पत्र मागितलं. अजून फोनमध्ये होतं. वाचताना आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"हे वकिलाचं पत्रच नाही. असली पत्रं मशीन पाठवतं, फोटो जुळला की. बरं, चित्र कोणी काढलं होतं?"

"नूमोंनी."

"त्यांनी कुठे सही केली? हक्क दिले म्हणून?"

"नाही."

"तुम्हाला लिहून दिले होते?"

"नाही हो."

"मग तुम्ही विकलंत काय?" त्या म्हणाल्या. "त्या माणसाने खूण विकत घेतली. खूण त्याची, खुशाल मिरवावी. टॅक्सीची पावती हातात आली म्हणून टॅक्सी आपली होते का? चित्राचे हक्क ज्याने काढलं त्याचे. ते द्यायचे तर त्याने लेखी द्यावे लागतात, सही करून. तुमच्या म्हाताऱ्यांनी काही दिलं नाही आणि तुमच्याकडे द्यायला काही नव्हतं. ती पेन्सिल शेवटपर्यंत त्यांचीच होती. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीची."

"म्हणजे आम्ही केली असती तर?"

"तर काय? केली असती," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तेव्हा कोणाला विचारलं नाहीत का?"

शिवणयंत्राचं माप मी तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा विसरलो. त्या गेल्यावर फळ्यांच्या ढिगावर बसलो आणि जे दीड वर्षापूर्वी करायचं ते केलं. कॅनडातल्या माणसाला लिहिलं. इंग्रजी मोडकंच होतं. लिहिलं की, ज्याने पेन्सिलीचं चित्र काढलं तो माणूस वारला, त्याची स्वतःची पेटी त्याला मिळाली नाही, कारण तुमचं पत्र आलं होतं.

तासाभरात उत्तर आलं. सभ्य उत्तर होतं. ऐकून वाईट वाटलं, असली खूप चित्रं त्या काळात घेतली होती, आता त्यांना काडीची किंमत नाही, पत्र कसलं ते आठवत नाही. शेवटी विचारलं होतं, कुठली पेन्सिल?

त्याला काय लिहू? मला त्याचा राग यावा असं फार वाटत होतं, पण आला नाही. मी जर आफोलीने सांगितलं त्याच दिवशी एक ओळ लिहिली असती, तर त्याने तासाभरात 'करा की' म्हटलं असतं. दीड वर्ष मी ज्याला नूमोंच्या आणि पूर्वजांच्या मधे उभा केला होता, तो माणूस तिथे नव्हताच. तिथे मी होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. आफोली मक्याच्या पानांत केंकी बांधत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वकीलबाईंचं आणि गोऱ्याचं उत्तरसुद्धा. तिचे हात थांबले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, तिने तळलेला मासा आणि मिरचीचं वाटण बांधून दिलं, सुट्टे परत केले.

"म्हणजे आकार माझा होता," मग ती म्हणाली.

"हो."

"त्या बैठकीत मी बसले होते. माझी वस्तू मागत होते. आणि तू मला नाही म्हणालास."

"आफोली, मला खरंच वाटलं होतं..."

"तुला काय वाटलं ते मला कळलं. उकरून काढता येणार नाही ना आता?"

"वडीलधारे परवानगी देणार नाहीत."

"नाहीच देणार. बरोबर आहे त्यांचं." तिने पुढचा गोळा उचलला, पानात ठेवला, पान दुमडलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "सांगितलंस ते चांगलं केलंस लारिया. भूक लागली असेल तर खाऊन जा. पण एक आत्ताच सांगून ठेवते, मागाहून वाईट वाटायला नको. मी मरेन तेव्हा माझी पेटी पलीकडच्या कारखान्यात करायला सांगितली आहे."

मी बरं म्हणालो. तिने माझ्यापुढे पान ठेवलं आणि मी ते बसून खाल्लं.